गुणाजीचा उपास

मित्रांनो, दुर्बीण म्हटलं की तुम्ही लगेच आभाळाकडे बघाल. बघू नका. चंद्रावरचे खड्डे मी कधी पाहिलेले नाहीत, आणि गडावर उभं राहून खालचं गाव दाखवते ती दुर्बीणही मी नव्हे. मी माणसाच्या पोटात बघणारी दुर्बीण आहे, आणि आता जुनी झाले आहे. दीड वीत लांब, करंगळीएवढी जाड, अंग पोलादाचं. माझ्या आत काचेच्या कांड्या एकापुढे एक बसवल्या आहेत. त्यांच्याभोवती केसासारखे बारीक धागे आहेत, त्यांतून उजेड आत जातो. हल्लीची मंडळी मला सरसकट 'कॅमेरा' म्हणतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. कॅमेरा माझ्या डोक्यावर नुसता बसतो. बघते मी.

मला कान नाहीत, तरी बोलणं कळतं. कसं ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझं टोक मुद्दाम तिरकं ठेवलं, त्यामुळे मला कोपऱ्याआडचंही दिसतं. तिथून मी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आले. काय दिवस होते ते! पूर्वी पित्ताशय काढायचं तर पोट वीतभर कापत. मी आल्यावर तीन-चार भोकांत काम होऊ लागलं आणि माणूस तिसऱ्या दिवशी घरी जाऊ लागला. लांबलांबचे डॉक्टर मला बघायला यायचे. मी थोडी शेफारलेही होते, खोटं कशाला बोलू? मग एके दिवशी कुणीतरी घाईत माझ्या अंगावर जड अवजारं टाकली आणि माझ्या टोकाच्या काचेचा टवका उडाला. काच बदलली, पण चित्राच्या डाव्या कोपऱ्यात जरासं धुकं राहिलं ते राहिलंच. तेवढ्यात नवी, लख्ख दिसणारी दुर्बीण आली आणि मी कपाटात गेले. दोन वर्षं कुणी साधं विचारलं नाही.

मला तिथून बाहेर काढलं डॉक्टर ऋतुजाने. ती माझ्यावरच शिकली होती. पेणला कामाला यायचं ठरल्यावर तिने मला मागून घेतलं. तेव्हापासून आमचा नेम ठरलेला आहे. मंगळवारी पेणला रामवाडीजवळच्या हॉस्पिटलात आणि शुक्रवारी रोह्याला. मी मऊ गादीच्या डबीत, गाडीच्या मागच्या सीटवर. डबीत मला काही दिसत नाही, पण वडखळ आलं की खड्ड्यांवरून कळतं. सोबत इशरत असते. ती ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर, पेणचीच. मला धुणं, पुसणं, औषधात बुडवणं हे सगळं ती करते आणि ते करताना माझ्याशी सारखी बोलते. दुसऱ्या कुणाला ती मला हात लावू देत नाही.

तर ही गोष्ट गुणाजीची.

गुणाजी गागोदे बुद्रुकचा शेतकरी. भात कापला की त्याच ओलीवर वाल टाकायचा, असं त्याचं आयुष्य चाललेलं. पौषातल्या एका शुक्रवारी तो बायकोला, विमलबाईला घेऊन रोह्याला आला. पेण जवळ असून रोह्याला का? तर पेणच्या बाजारात आख्खं गागोदं भेटतं, आणि रोह्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. दुखणंच तसं होतं. त्याला गुदाशयात गाठ झाली होती. गुदाशय म्हणजे आतड्याचा शेवटचा टप्पा, जिथे शी येऊन थांबते. हसलात ना? हसून घ्या एकदाचे. मोठी माणसं हसत नाहीत, ती लाजतात, आणि ते हसण्यापेक्षा फार वाईट.

गुणाजीला सात महिने रक्त पडत होतं. त्याने स्वतःच ठरवून टाकलं की ही मूळव्याध. सुरण खाऊन झाला, बाजारातल्या एका माणसाची पुडी घेऊन झाली. विमलबाईला त्याने सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात थांबलं. शेवटी चक्कर येऊन बांधावर पडला तेव्हा कुठे डॉक्टर. मग पनवेलला माझ्या लांब, लवचीक चुलत बहिणीने आत बघून गाठ शोधली, तिचा तुकडा तपासला, आणि ते सगळे कागद डॉक्टर ऋतुजाच्या टेबलावर आले. शेजारी माझी डबी होती.

विमलबाई बाहेर बाकावर बसली होती. गुणाजीने दार नीट लागलंय ना ते बघितलं.

"डॉक्टरीणबाय, पिशवी लावनार काय?"

पोटाला भोक पाडून शीसाठी बाहेर पिशवी लावतात, हे त्याने कुठूनतरी ऐकलं होतं.

"गुणाजीकाका, गाठ लहान आहे आणि वरवरची वाटते आहे," डॉक्टर म्हणाली. "पोट न कापता, मागच्या वाटेनेच दुर्बीण घालून काढू. पण ती एका तुकड्यात आणि चारी बाजूंनी चांगला भाग धरून निघाली पाहिजे. तपासणीत मुळं खोल गेलेली निघाली, तर मात्र मोठं ऑपरेशन करावं लागेल. आणि मग पिशवीचं बोलू."

"पिशवी नाय. पिशवी लावायची तर मला तसाच जाऊ द्या."

"सहा-सात दिवसांत करू. उशीर नको."

"हिला रगताचं कायबी सांगू नका," गुणाजी उठता उठता म्हणाला.

आता खरी गडबड कशी झाली ते ऐका. अशा ऑपरेशनला आतडं अगदी स्वच्छ लागतं. आदल्या दिवशी फक्त पाणी, संध्याकाळी जुलाबाच्या पावडरीचं पाणी, आणि सकाळी तर काहीच नाही. हे सगळं एका कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद विमलबाईने नीट राहावा म्हणून देवाजवळ ठेवला, आणि तो तिथे नीटच राहिला. बुधवारी इशरतने तिला फोन केला. मी तेव्हा पाण्यात होते आणि इशरतचा मोबाइल तिच्या खांद्यावर होता.

"काकी, उद्या काकांचा उपास हां. पक्का उपास."

"पक्का करते गो. त्याची तू काळजी करू नको."

झालं. एवढंच बोलणं. दोघींनाही वाटलं, काम फत्ते.

शुक्रवारी रोह्याच्या ऑपरेशनच्या खोलीत, 'उपास केलात ना?' असं विचारून, गुणाजीला कमरेत इंजेक्शन दिलं. कमरेखालचं सगळं बधीर, पण माणूस जागा. मधे हिरवा पडदा होता आणि पडद्यापलीकडून तो छताकडे बघत होता. मला गरम पाण्यात बुडवून काढलं, नाहीतर आत गेल्यावर काचेवर वाफ धरते. मी आत गेले. गॅसने जागा फुगवली, टीव्हीच्या पडद्यावर गुलाबी भिंत दिसू लागली. उजव्या अंगाला ती गाठ होती. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, लालसर. डॉक्टर पुढे झुकली.

आणि माझ्यासमोरून शेंगदाण्याची एक पाकळी वाहत गेली.

मागोमाग दुसरी. मग गढूळ पाण्याचा लोट आला आणि मला दिसेनासं झालं. मला बाहेर काढून पुसलं, आतली जागा धुतली, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. वरून येतच होतं. डॉक्टर ऋतुजा थांबली.

"गुणाजीकाका, काल काय खाल्लंत?"

"कायबी नाय बाय. कडक उपास व्हता."

"कडक म्हणजे?"

"म्हंजे भात नाय, भाकर नाय. साबुदान्याची खिचडी, रताळी, दोन केळी. सकाळी निघताना वरीचा भात नि दान्याची आमटी. ती तुमची पावडर काय घेतली नाय, उपासाला चालते का नाय ते ठाव नव्हतं. पन हिने उपासात काय कमी पडू दिलं नाय."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "सकाळी? सकाळीसुद्धा?" आणि कपाळाला हात लावायचा तर हातमोजे, म्हणून तसेच उभे राहिले. इशरत पांढरीफटक पडली. तिच्या घरी रोजा म्हणजे दिवसभर पाण्याचा थेंब नाही. तोच अर्थ मनात धरून तिने मराठीत 'पक्का उपास' म्हटलं होतं. विमलबाईचा पक्का उपास म्हणजे उपासाचं सगळं करून वाढायचं. दोघीही आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि टेबलावर गुणाजी पडला होता.

मित्रांनो, आता डॉक्टरने काय करावं? गाठ समोर होती. डॉक्टरची पुढची मोकळी तारीख अकरा दिवसांनी, पेणला. पलीकडून गुणाजी म्हणत होता, "आता येवढं झोपवलंय तर करून टाका की. परत मी यायचा नाय, सांगून ठेवतो."

आणि तो खरंच येणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"काका, आता भिंत कापली आणि ही घाण पलीकडे गेली, तर आत पू होईल," डॉक्टर म्हणाली. "मग जीव वाचवायला पिशवीच लावावी लागेल. मी आज करणार नाही."

तिने मला बाहेर काढलं. मला राग आला होता. एवढ्या वर्षांत अर्ध्यावरून मी कधी परत आले नव्हते. आज वाटतं, तिने त्या दिवशी जे केलं ते कापण्यापेक्षा अवघड होतं.

बधिरपणा उतरल्यावर गुणाजी निघाला. "मंगळवारी पेनला? नाय जमनार," एवढंच बोलला. विमलबाई इशरतकडे बघून रडत होती. "माजंच चुकलं गो पोरी." इशरत तिला म्हणाली, "नाही काकी, माझं." मला धुताना ती कितीतरी वेळ तेच म्हणत होती.

मग अकरा दिवस. गुणाजीचा फोन लागायचा, पण कुणी उचलायचं नाही. डॉक्टर रोज विचारायची आणि इशरत रोज मान हलवायची. गाठ काय तारखेची वाट बघत नाही. मी डबीत पडून त्या गाठीचाच विचार करायचे, ती आता केवढी झाली असेल, कुठवर गेली असेल. मंगळवारच्या यादीत गुणाजीचं नाव डॉक्टरने पेन्सिलीने लिहिलं होतं.

सोमवारी इशरत आलीच नाही. मंगळवारी सकाळी मला औषधाच्या ट्रेमधून काढताना तिने एका दमात सगळं सांगितलं. आदल्या दिवशी सकाळी ती एसटीने थेट गागोद्याला गेली होती.

विमलबाई म्हणाली, "आलीस गो? आता काय म्हनायचं ते म्हन, पन उपास म्हनू नको."

"काकी, आज आमचा रोजा करायचा. त्यातही काकांना फक्त पाणी चालेल. दुसरं काही म्हणजे काही नाही."

"साबुदाना पन नाय?"

"काकी!"

गुणाजी अंगणात वालाच्या शेंगा निवडत बसला होता. वर न बघता म्हणाला, "मी येनार नाय. पेनला जाऊन सगळ्यांना दाखवू काय, माजं काय झालंय ते?"

इशरतने वाद घातला नाही. ती पडवीत भिंतीला टेकून बसली. विमलबाईने चहा आणला, तिने घेतला नाही. पोहे आणले, हात लावला नाही. "काका पावडरीचं पाणी पितील तेव्हा बघू," म्हणाली. दुपार झाली. शेजारच्या पोरांनी शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. तो वास सगळ्या आळीत भरला. दारात आलेली पोर सकाळपासून उपाशी बसलीय, घोटभर पाणीसुद्धा घेत नाही, हे गुणाजीला सोसवेना. तो दोनदा उठला, दोनदा बसला. एकदा खेकसला, "तू खा ना गो! तुजं काय दुखतंय?" चारच्या सुमाराला तो आत गेला, तांब्या घेऊन आला आणि म्हणाला, "कुठे हाय ती तुजी पावडर? पितो. पन आधी तू चहा घे."

"आधी तुम्ही," इशरत म्हणाली.

प्यायला. सगळी प्यायला, नाक दाबून. रात्री ती तिथेच राहिली आणि सकाळी तिचा नवरा रिक्षा घेऊन आला, त्यात बसून तिघं पेणला आली. "रिक्षाचे पडदे सोडून आलो गं," मला पुसताना ती म्हणाली, आणि हसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

या वेळी आत सगळं लख्ख होतं. शेंगदाणा नाही, गढूळ पाणी नाही. गाठ होती तिथेच होती. डॉक्टरने आधी तिच्याभोवती, जरा लांबून, ठिपक्या-ठिपक्यांचं रिंगण काढलं. कापताना या रिंगणाच्या आत यायचं नाही. मग कापायला सुरुवात झाली. इकडे एवढीशी जागा, त्यात मी, एक चिमटा आणि एक कापणारं हत्यार, तिघांची खेटाखेट. वरची कड सुटली. बाजूची सुटली. खालची कड आली, आणि ती नेमकी माझ्या धुक्याच्या कोपऱ्यात.

तेवढ्यात रक्तवाहिनी सुटली. चिळकांडी थेट माझ्या काचेवर. सगळा पडदा लाल. "पूस!" डॉक्टर ओरडली. इशरतने मला पुसलं, गरम पाण्यात घातलं, परत दिलं. पुन्हा लाल. पलीकडून गुणाजी विचारत होता, "झालं काय बाय?" मला माझ्याच कोपऱ्याची अशी लाज कधी वाटली नव्हती. इथे चार केसांचा फरक पडला, गाठीचा कण मागे राहिला, की पुढे मोठं ऑपरेशन आणि पिशवी. आणि हा माणूस पिशवीपेक्षा मरण पत्करणारा. मला भीती वाटत होती मित्रांनो, पोलादाची असले तरी.

"हिला फिरवून धर," डॉक्टर म्हणाली. इशरतने मला जागच्या जागी अर्धा वळसा दिला. माझं टोक तिरकं आहे ना, बघायची बाजू पालटली. धुकं वर गेलं आणि खालची कड स्वच्छ काचेसमोर आली. ती रक्तवाहिनी दिसली. चिमट्याने धरली, डागली. रक्त थांबलं. मग उरलेली कड, हळूहळू, रिंगण न मोडता. गाठ एका तुकड्यात बाहेर आली. आतली जखम टाके घालून मिटवली.

इशरतने ती गाठ थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी ताणून बसवली, कुठली बाजू वरची, कुठली खालची ते लिहिलं, आणि तपासणीला पाठवली. आता कुणाच्याच हातात काही नव्हतं. गुणाजी तिसऱ्या दिवशी घरी गेला. रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. मोठ्या माणसांना विचारा, असे दोन आठवडे कसे जातात ते त्यांना ठाऊक असेल.

मंगळवारी दोघं आली, पेणला, भर बाजाराच्या दिवशी. या वेळी विमलबाई बाहेर बसली नाही. डॉक्टर ऋतुजाने पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

"कडा चारी बाजूंनी स्वच्छ आहेत. मुळं खोल नाहीत. मोठं ऑपरेशन नको, काका."

"पिशवी?"

"नाही. पण दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं. चुकवायचं नाही."

डॉक्टरने गाठ तपासणीला पाठवण्याआधी काढलेला फोटो पडद्यावर लावला. थर्माकोलवर टाचलेली ती गाठ, शेजारी मापाची पट्टी. गुणाजी जवळ गेला.

"येवढुशी?" तो म्हणाला. "येवढ्याशीपायी सात म्हयने मी हिला खोटं सांगत रायलो? रगत थांबलं म्हून?"

विमलबाई पदर बोटाला गुंडाळत होती.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुमी आपले कपडे आपन ओढ्यावर धुवायला लागलात, तवाच. लगीन झाल्यापासून कधी रुमाल धुतला नाय तुमी."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी लाजाल म्हून."

गुणाजी खाली बसला आणि डॉक्टरसमोर, इशरतसमोर, उघडं दार असताना मोठ्याने रडला. विमलबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी 'मला जपा' असं सांगायचं असतं. मला इशरत जपते, माझं बरं चाललंय. तुम्ही घरातल्या माणसांकडे बघा. कुणी काही लपवतंय असं वाटलं, कुणी एकाएकी आपले कपडे आपण धुवायला लागलं, तर विचारा. लाज वाटेल, तरी विचारा. गुणाजीचं निभावलं, कारण त्याची गाठ आळशी होती. त्याच आठवड्यात शुक्रवारी रोह्याला दुसरा एक माणूस आला, गुणाजीपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याची गाठ फार पसरली होती, कागद बघून डॉक्टर ऋतुजाने माझी डबी उघडलीच नाही. त्याच्याही घरी सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारलं नव्हतं.